तिसऱ्या वळणाचं मशीन

ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिल या आमच्या खाणींच्या गावात जुने व्हिडिओ गेम खेळण्यासाठी कॉम्प्युटर घ्यायचा असेल तर शहाणी माणसं आधी दुकानात जात नाहीत. वुल्फ्रम स्ट्रीटवर जातात. तिथे पत्र्याच्या कुंपणामागे एव्हिस पास्कोची शेड आहे. शेडचं दार दिवसभर उघडं असतं, आत पंखा गरगरत असतो, आणि एव्हिस स्टुलावर बसून कुणाच्या तरी मशीनमधली लाल धूळ रंगाच्या ब्रशने झाडत असते. वय सत्तरच्या घरात. चष्मा दोरीला लटकलेला. आलेल्या माणसाला ती पहिला प्रश्न विचारते तो असा: "कुठला गेम?" किती पैसे आहेत हे ती विचारतच नाही.

मी तिच्या शेजारच्या घरात वाढले, आजही तिथेच राहते, आणि रविवारी ब्रास बँडमध्ये तिच्या शेजारी बसून कॉर्नेट वाजवते. ती टेनर हॉर्न वाजवते. तेव्हा हे जे सांगते आहे ते बरंचसं डोळ्यांदेखत घडलेलं आहे.

एव्हिस मुलगी असताना आर्जेंट स्ट्रीटवरच्या रेडिओ-टीव्हीच्या दुकानात कामाला होती. काउंटरवर ठेवली होती, पण मागच्या खोलीत जाऊन टीव्ही उघडायला शिकली, आणि वर्षभरात मालक अवघड टीव्ही तिच्याकडेच सरकवायला लागला. मग तिचं रॉन पास्कोशी लग्न ठरलं. त्या काळी आमच्या गावाचा नियम होता, लग्न झालेल्या बाईने पगाराची नोकरी सोडायची. शनिवारी लग्न झालं आणि सोमवारी तिच्या जागी दुसरी मुलगी उभी होती. पण बिघडलेल्या टीव्हींना या नियमाशी काही देणंघेणं नव्हतं. लोक ते ढकलगाडीत घालून तिच्या मागच्या दाराशी आणू लागले. पगार घ्यायचा नाही म्हणून मग कुणी केक आणायचं, कुणी भाजीची टोपली, कुणी रॉनसाठी बिअर. पुढे तो नियम गेला. एव्हिसची रीत मात्र तीच राहिली. आजही तिच्याकडून मशीन बांधून घेतलं की डबा द्यायचा. डब्यात काय असावं याबद्दल ती फारशी काटेकोर नाही, फक्त चीज-स्लॉ, म्हणजे आमच्याकडची किसलेल्या चीजची आणि गाजराची कोशिंबीर, असेल तर त्यात गाजर जाड किसलेलं चालत नाही.

"मी नोकरी सोडली होती," ती म्हणते. "काम सोडायला कुणी सांगितलं नव्हतं."

गेल्या जानेवारीत, पत्र्यावर अंडं तळता येईल अशा एका दुपारी, कीली तिच्या शेडमध्ये आली. कीली म्हणजे डार्सीची बायको, आणि डार्सी म्हणजे रॉनच्या भावाचा मुलगा. रॉन आता नाही, आणि एव्हिसला स्वतःचं मूल नाही. डार्सी शाळेतून सुटला की एव्हिसच्या दिवाणखान्यात पसरायचा, त्यामुळे तो अर्धा तिनेच वाढवला म्हटलं तरी चालेल.

"कुठला गेम?" एव्हिसने मान वर न करता विचारलं.

"तो बोटींचा. पुलाखालून जायचं असतं तो."

एव्हिसचा ब्रश थांबला. "डार्सीला हवाय?"

"तोंडाने मागत नाहीये. पण रोज संध्याकाळी बसून उजव्या हाताची बोटं एकेक करून हलवून बघतो. मला बघवत नाही."

आदल्या मार्चमध्ये डार्सीच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. एक्केचाळीस वर्षांचा माणूस, खाणीत फोडलेला दगड बादलीत भरून नेणारा लोडर चालवणारा, सकाळी बूट घालताना खाली बसला आणि त्याला उठताच येईना. चालणं परत आलं, बोलणं परत आलं. उजवा हातही आला, डॉक्टरांनी तसं लिहूनही दिलं. खाणीने त्याच्यासाठी चांगली जागा काढली होती. खाली उतरायचं नाही, वर खोलीत खुर्चीवर बसायचं, पडद्यावर बघायचं आणि दोन दांड्यांनी खालचा लोडर चालवायचा. त्यासाठी एक चाचणी होती, फेब्रुवारीत. डार्सीने अजून हो म्हटलं नव्हतं.

"त्याचा डॉक्टरांवर विश्वास नाही," कीली म्हणाली. "म्हणतो, डॉक्टरांनी माझा हात आधी कुठे पाहिलाय. त्या गेमने पाहिलाय."

त्यात तथ्य होतं. डार्सी पंधरा वर्षांचा असताना गावातल्या व्हिडिओच्या दुकानात फळा होता. त्यावर त्या गेममधल्या सर्वांत कमी वेळाच्या पुढे खडूने नाव लिहायचे. दुकान बंद होईपर्यंत तिथे डार्सी पास्कोच राहिला. सगळी मेख तिसऱ्या वळणात होती. बोट पुलाखाली शिरते, वळण दिसत नाही, आणि दिसायच्या आधीच बोट वाकवावी लागते. दिसल्यावर वाकवली की खांबावर आपटली. डार्सी ते डोळे मिटून करायचा. पोरं त्यावर खाऊच्या पैजा लावायची.

टीव्हीला जोडायचं त्याचं जुनं गेमचं खोकं कधीच मेलं होतं आणि त्यात घालायचं गेमचं कार्ट्रिजही हरवलं होतं. आता तो गेम खेळायचा तर इम्युलेटर हवा. म्हणजे असा प्रोग्रॅम, जो आजच्या कॉम्प्युटरला त्या जुन्या खोक्याचं सोंग घ्यायला लावतो.

"माझ्या भावाला विचारलं मी," कीली म्हणाली. "तो म्हणाला, सोळा कोअरचा प्रोसेसर घ्या, आणि भलंमोठं ग्राफिक्स कार्ड."

"तुझा भाऊ अ‍ॅडलेडचा."

"मीसुद्धा अ‍ॅडलेडचीच आहे."

"तुला सोळा वर्षं झाली इथे. अजून थोडी वर्षं काढलीस की तुला आपली म्हणायचं का यावर विचार करू." एव्हिसने दोरीवरचा चष्मा नाकावर चढवला. "हे बघ. खाणीतला बोगदा एका लोडरपुरता रुंद असतो, बरोबर? तोंडाशी सोळा लोडर उभे केलेस म्हणून माल लवकर बाहेर येतो का?"

"नाही."

"सोळा कोअर म्हणजे सोळा ड्रायव्हर. एकच आत जाणार, बाकीचे पंधरा चहा पिणार. सोंग घेण्याचं कामही असंच असतं. जुन्या खोक्याने एकामागून एक जे केलं, ते त्याच क्रमाने करायचं. वाटून देता येत नाही. तेव्हा मला सोळा नकोत. मला एकच हवा, पण पळणारा."

ग्राफिक्स कार्डाबद्दलही तिचं म्हणणं साधं होतं. जुनी चित्रं मोठ्या पडद्यावर लखलखीत करून बघायची हौस असेल तर कार्ड लागतं. जशी होती तशी बघायची असतील तर प्रोसेसरमध्ये असतं तेवढं पुरतं, फक्त मग मेमरीच्या पट्ट्या दोन लावायच्या, एक नाही. पाण्याला एकाऐवजी दोन नळ.

तिने फळीवरून एक काळा डबा काढला. कुठल्याशा ऑफिसने टाकून दिलेला, जाडजूड पुस्तकाएवढा. आतला प्रोसेसर चार कोअरचा होता, पण एकेक कोअर भन्नाट होता. तिने त्याचा चिमुकला पंखा काढून मोठा बसवला, कारण आमच्याकडच्या उन्हाळ्यात पातळ मशीन दहा मिनिटं छान चालतं आणि मग तापून स्वतःचा वेग उतरवतं. विजेची बचत करणारी सेटिंग बंद केली, नाहीतर प्रोसेसर मधूनच डुलकी काढतो आणि बोट पाण्यात अडखळते. खेळायची कांडी तारेची घेतली, कारण बिनतारी कांडीचा इशारा उशिरा पोचतो.

"एवढासा?" कीली म्हणाली.

"तुझा नवरा मोठा आहे तेवढं पुरे."

कार्ट्रिज कीलीने इंटरनेटवरून जुनं विकत घेतलं. फुकट उतरवलेले गेम एव्हिस शेडमध्ये येऊ देत नाही. कार्ट्रिज हातात हवं, मग ते तिच्याकडच्या वाचकयंत्रात घालून ती आतलं काढून घेते. महिनाअखेरीस पाकीट आलं. चित्र तेच, बोट तीच.

डार्सी आला. दारात वाकून आत शिरला, एव्हिसच्या गालावर ओठ टेकवले, आणि मशीनकडे न बघताच म्हणाला, "कीलीने सांगितलं, तू मला खेळणं केलंयस."

"खेळणं नाही. तुझ्या मापाचं मशीन आहे. बस."

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्याला बोट खांबावर आपटली. पुन्हा आपटली. डार्सी हसला, म्हणाला बऱ्याच वर्षांनी हात लावतोय. मग हसणं थांबलं. प्रत्येक वेळी तो केसभर उशिरा पडत होता.

"अडखळतंय का कुठे?" एव्हिसने विचारलं.

"कळत नाही. अडखळत असेल."

एव्हिसने कोपऱ्यातला आकडा पाहिला. इम्युलेटर स्वतःचा वेग दाखवतो: शंभर टक्के. जुनं खोकं जितक्या वेगाने चालायचं तितक्याच वेगाने. तरी तिने मशीनवरच संशय घेतला, कारण दुसरा संशय तिला घ्यायचा नव्हता. तिने प्रोसेसर बदलून त्याहून वेगवान घातला. शंभर टक्के. मेमरी बदलली. कांडी बदलली. पडद्याची चित्र सजवून दाखवायची सोय बंद केली, कारण त्या सजावटीत चित्र उशिरा पोचतं. शंभर टक्के, आणि बोट खांबावर.

आठवडाभर शेडमधून त्या गेमची चाल ऐकू येत होती. मला माझ्या स्वयंपाकघरात ती पाठ झाली.

मग कीलीच्या भावाने न राहवून स्वतःचं मशीन पाठवलं. काचेचं, आत रंगीत दिवे लागणारं, माशांच्या टाकीसारखं. सोबत गेम खेळणाऱ्यांसाठीचा खास मॉनिटर. ते डार्सीच्याच घरी बसवलं. एव्हिस ते बघायला गेली तेव्हा मीही होते. ते सुरू केलं आणि खोली तापायला लागली, इतकी की कीलीने खिडकीतला कूलर पुरा सोडला.

"याच्यावर पाव भाजता येईल," एव्हिस म्हणाली. पण तिने डार्सीला खेळू दिलं.

तिसरं वळण. खांब.

डार्सीने कांडी टेबलावर ठेवली, अगदी हळू, जशी झोपलेल्या मुलाजवळ काहीतरी ठेवावी तशी. "मशीनला काही झालेलं नाही, एव्हिस. हातच गेलेत."

"डार्सी."

"खाली चाळीस टनांचा लोडर असतो. तो असा आपटला तर? सोमवारी दुपारी फोन करून सांगून टाकतो त्यांना. दुसऱ्या कुणाला तरी जागा मिळू दे."

शुक्रवार होता.

रविवारी बँडच्या हॉलमध्ये सराव होता. आम्ही एक जुनं कूचगीत वाजवत होतो, एव्हिसने आयुष्यात शेकडो वेळा वाजवलेलं. बार्नी ट्यूबा वाजवतो आणि आमचा मास्तर आजारी असला की काठीही तोच धरतो. त्या दिवशी त्याने मध्येच काठी खाली केली.

"एव्हिस."

"काय?"

"कुठे आग लागलीय?"

"म्हणजे?"

"तू पळतेयस. आम्ही सगळे रस्त्याने चालतोय आणि तू पुढच्या चौकात."

लोक हसले. मी हसले नाही, कारण मी तिच्या शेजारी बसते आणि तिला कधी पळताना ऐकलेलं नाही. तिच्या ठेक्यावर घड्याळ लावावं अशी ती बाई आहे.

"आठवडाभर त्या मेल्या बोटीची चाल डोक्यात बसलीय," ती म्हणाली. "तिच्याच ठेक्याने..."

आणि तिथेच थांबली. हॉर्न मांडीवर ठेवला आणि ओठातल्या ओठात ती बोटीची चाल गुणगुणू लागली, आधी भरभर, जशी शेडमधून यायची तशी. मग तिने पायाने ठेका धरला आणि तीच चाल पुन्हा गुणगुणली, सावकाश. जशी तिला फार वर्षांपूर्वीची आठवत होती. डार्सी दिवाणखान्यात खेळत असायचा, ती ओट्यापाशी वाटाणे सोलत असायची, आणि त्या चालीवर एकेक शेंग उघडायची. शेडमधल्या चालीवर वाटाणे सोलायला घेतले असते तर बोटं सोलली गेली असती.

"बार्नी," ती म्हणाली, "मी गाढव आहे."

"हे लिहून देशील?"

"आयुष्यभर टीव्ही उघडले मी. पन्नास आणि साठ. आणि मीच विसरले."

शेडवर परत येईपर्यंत तिने मला सगळं सांगितलं, वाऱ्याच्या वेगाने चालत. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेणारी, त्यामुळे जुने टीव्हीही सेकंदाला पन्नास चित्रं दाखवणारे. अमेरिकेत साठ. गेम बहुतेक साठसाठी बनायचे. आपल्याकडे विकायला आणताना पुष्कळ कंपन्या नीट जुळवून घ्यायच्या नाहीत, तसेच पन्नासवर सोडून द्यायच्या. मग बोटही सावकाश, पाणीही सावकाश, चालही सावकाश. गावातल्या एकाही पोराला कधी कळलं नाही, कारण दुसरा वेग कुणी पाहिलाच नव्हता.

शेडमध्ये तिने कार्ट्रिज पालथं केलं. मागे बारीक अक्षरात अमेरिकेतल्या विक्रीसाठी असं छापलेलं होतं. आम्ही सगळ्यांनी ते हातात धरलं होतं आणि कुणी उलटून पाहिलं नव्हतं.

"शंभर टक्के," एव्हिस त्या आकड्याकडे बघत म्हणाली. "शंभर टक्के कुणाचे, ते विचारायला हवं होतं मी."

बार्नीला फोन गेला. त्याच्या मुलाची सगळी कार्ट्रिजं माळ्यावर बिस्किटाच्या डब्यात होती. तो डबा घेऊन स्वतः आला, कारण एव्हिस गाढव आहे हे त्याला पुन्हा एकदा ऐकायचं होतं. डब्यात तो गेम निघाला, आपल्याकडचा, व्हिडिओच्या दुकानाची चिकटपट्टी अजून लागलेली.

सोमवारी सकाळी डार्सी बाहेर गेला असताना एव्हिसने त्याच्या घरी जाऊन तो आधी कीलीच्या भावाच्या त्या माशांच्या टाकीवर लावून पाहिला. चाल सावकाश आली, बरोबर आली. पण चित्र दर थोड्या वेळाने हिसका देत होतं. पाण्याचा काठ सरळ सरकायच्या ऐवजी अडखळत सरकत होता. तो खास मॉनिटर साठच्या वर कितीही जायला तयार होता, पन्नासवर यायला तयार नव्हता. साठच्या ताटात पन्नास पोळ्या वाढायच्या, म्हणून तो मधूनच तीच पोळी दोनदा वाढत होता.

"एवढं महागाचं," एव्हिस म्हणाली, "आणि आपल्या गावचा वेग येत नाही त्याला."

कचरा डेपोशेजारच्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणलेला एक साधा टीव्ही तिच्या शेडमध्ये बातम्या बघायला होता. आपल्याकडच्या बातम्या पन्नासवरच येतात, त्यामुळे त्या टीव्हीला पन्नास म्हणजे घरचं जेवण. शेडवर परत येऊन तिने तो उचलला, तो काळा ऑफिसचा डबा उचलला, दोन्ही ढकलगाडीत घातलं, वर गोधडी टाकली, आणि भर उन्हात पुन्हा डार्सीच्या घराकडे निघाली. मी मदत करते म्हटलं तर म्हणाली, "दार उघड तेवढं. टीव्ही ढकलगाडीतून न्यायची सवय आहे मला." मी मागोमाग गेले.

डार्सी स्वयंपाकघरात फोन पुढ्यात ठेवून बसला होता.

"एकदाच," एव्हिस म्हणाली. "मग कुणालाही फोन कर."

त्याने नाइलाजाने कांडी घेतली. पहिलं वळण, दुसरं वळण. पुलाची सावली पडली, बोट वाकली, आणि पलीकडे निघाली. पाणी मोकळं होतं.

कीलीने तोंडावर हात ठेवला. डार्सी मात्र पडद्याकडे बघत राहिला, आणि मग त्याचा चेहरा कठीण झाला.

"हळू केलंस तू."

"केलं."

"हे सोपं करून दिलंस मला. मुलाला द्यावं तसं." त्याने कांडी खाली ठेवली. "मला कीव नकोय, एव्हिस. तुझी तर नकोच."

"कीव? मी तुझं नाक पुसलंय, पण कीव कधी केलेली नाही. गप्प बस आणि ऐक."

तिने त्याला कार्ट्रिजबद्दल सांगितलं, पन्नास-साठबद्दल सांगितलं. तो ऐकत होता, पण पटलेलं दिसत नव्हतं. पटेल कसं? हळू म्हणजे सोपं, हे कुणालाही वाटणारच.

"ठीक आहे," एव्हिस म्हणाली. "मग आणखी सोपं करते." तिने इम्युलेटरमध्ये जाऊन वेग आणखी थोडा उतरवला. आता चाल पेंगुळल्यासारखी यायला लागली. "घे. आता तर लहान मूलही खेळेल."

डार्सीने घेतली. तिसऱ्या वळणाला बोट वाकली आणि खांबावर आपटली. पण या वेळी अलीकडच्या खांबावर. त्याने ती लवकर वाकवली होती. पुन्हा खेळला, पुन्हा अलीकडचा खांब.

"हळू केलं की सोपं होतं ना?" एव्हिस म्हणाली. "मग झालं का? अमेरिकेच्या वेगाला तू उशिरा पडतोस. याला लवकर पडतोस. मधे एकच वेग आहे जिथे तू बरोबर असतोस, आणि तो मी ठरवलेला नाही. तुझ्या हाताने ठरवलाय, पंधराव्या वर्षी. हात गेलेला माणूस दोन्हीकडे उशिराच पडला असता."

तिने वेग पुन्हा मूळ पन्नासवर आणला. "आता डोळे मीट."

"काय?"

"पैजा लावायची ना पोरं? मी चीज-स्लॉची पैज लावते. डोळे मीट."

डार्सी हसला, थोडंसंच. पहिली दोन वळणं त्याने बघून घेतली. पुलाची सावली आली तसे डोळे मिटले. आम्ही तिघी पडद्याकडे बघत होतो आणि तो एकटाच बघत नव्हता. त्याचा उजवा अंगठा हलला, न घाबरता, जसा आपण अंधारात घरातला दिवा लावतो तसा. बोट पुलाखालून निघाली. त्याने डोळे उघडायच्या आधीच, कीलीच्या श्वासावरूनच, त्याला कळलं.

त्याने उजवा हात पालथा करून पाहिला.

"मला इतके दिवस वाटत होतं..." तो म्हणाला, आणि वाक्य तसंच सोडलं.

"मलाही," एव्हिस म्हणाली. तेवढंच ती कबूल करते. "आता फोन कर. आणि हे लक्षात ठेव. त्या खुर्चीवर बसशील तेव्हा लगेच हात चालवू नकोस. खाली हललेलं वर पडद्यावर यायला थोडा वेळ लागणारच. आधी त्या मशीनचा ठेका ऐक. नवा असेल, तर नवा शीक. शिकता येतं तुला, हे मी पाहिलंय."

त्याने फोन केला. चाचणीला येतो म्हणाला. एव्हिस तोवर ढकलगाडी उचलून निघालीसुद्धा होती. टीव्ही तिथेच ठेवून गेली, आणि पुढचे कितीतरी दिवस बातम्या माझ्याकडे येऊन बघत होती.

फेब्रुवारीत चाचणी झाली. डार्सीने नंतर सांगितलं की पहिली काही मिनिटं त्याने लोडर नुसता पुढे-मागे केला, मापं घेतली, आणि परीक्षक कंटाळून घड्याळ बघायला लागला. मग त्याने बादली भरली आणि बोगद्याच्या भिंतीला कुठेही न टेकवता बाहेर आणली. आता तो दिवसपाळीला असतो. संध्याकाळी घरी आला की स्वतःच्या मुलांना तिसरं वळण शिकवतो, पन्नासवर. कीलीच्या भावाची माशांची टाकी परत अ‍ॅडलेडला गेली. त्याने फोनवर विचारलं म्हणे की शेवटी कुठला प्रोसेसर लागला, आणि उत्तर ऐकून त्याला ते खरंच वाटेना.

ऑगस्टमध्ये खाणीने कामगारांच्या घरच्यांना बोलावलं होतं. वर्षातून एकदा असतं तसं. कीली मुलांना घेऊन गेली, आणि डार्सीने एव्हिसला नेलं. मीही तिथेच नोकरीला, त्यामुळे होतेच. एव्हिसने बँडचा कोट घातला होता, पितळी बटणं घासून. जिच्या तरुणपणी गावात बाईला लग्नानंतर काउंटरमागेही उभं राहता येत नव्हतं, ती लोडर चालवायच्या खोलीत ताठ मानेने शिरली.

डार्सीने तिची सगळ्यांशी ओळख करून दिली. त्याच्यासोबत काम करणाऱ्यांना तो म्हणाला, "माझं मशीन हिने निवडलं."

"कुठलं मशीन?" एकाने विचारलं.

"सांगतो नंतर. बसू दे तिला."

एव्हिस खुर्चीत बसली. दोन्ही दांड्यांवर हात ठेवले. पडद्यावर खाली दूर बोगद्यात दिवे लावून लोडर उभा होता. सगळे वाट बघत होते की ती दांडा हलवेल. ती वाकली आणि टेबलाखाली हात घालून कॉम्प्युटरच्या मागे तळवा धरला, पंख्यातून हवा कशी येते ते बघायला. बराच वेळ धरून ठेवला.

"गरम नाही," ती म्हणाली. "किती कोअरचा आहे?"

कुणालाच माहीत नव्हतं.

"रोज याच्यासमोर बसता आणि विचारलं नाहीत?" तिने डार्सीकडे चष्म्यावरून पाहिलं. "जाऊ दे. ज्याने निवडलाय त्याला कळतंय."

मग तिने चष्मा नीट केला, डावा पाय जमिनीवर हलकेच आपटून ठेका धरला, आणि म्हणाली, "हं. सांग आता, कुठला दांडा पुढे?"